जॉयसबायच्या जमिनीला भोक

घरात आतून जिना करायचा, असं अ‍ॅग्नेसने ठरवलं आणि ते तिने सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, शेजारच्या नबिलाला सांगितलं, चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईला मिस्सेत शांतीची भेट देताना हात मिळवता मिळवता सांगितलं. फक्त जिच्या जमिनीला भोक पडणार होतं, तिला तेवढं सांगायचं राहिलं.

ती म्हणजे जॉयसबाय. अ‍ॅग्नेसची नणंद, जोकिमची थोरली बहीण. रास अल खैमातल्या या घरात ती वरच्या मजल्यावर एकटी राहायची. खाली अ‍ॅग्नेस, जोकिम आणि त्यांची बेव्हर्ली. घर दोघा भावंडांनी मिळून घेतलेलं, अर्धं तिच्या नावावर, अर्धं ह्याच्या. आधीच्या मालकाला दोन भाडेकरू ठेवायचे होते, म्हणून त्याने आतला जिना काढून टाकला, वरची जागा बुजवली आणि घराच्या मागून एक लोखंडी जिना चढवून दिला. रंगाचे किती हात दिले तरी हॉलच्या भिंतीवर त्या जुन्या जिन्याची तिरकी खूण दिसायचीच. ती झाकायला अ‍ॅग्नेसने तिथे आल्तार मांडला होता. येशूचं पवित्र हृदय, वेलंकणी माउली आणि सेलवर चालणारी मेणबत्ती.

बाहेरच्या जिन्याची अडचण तशी उन्हाची होती. जुलैत कठड्याला हात लावला की तव्याला लागल्यासारखा झटकन मागे घ्यावा लागे. पण जॉयसबायची खरी अडचण ऊन नव्हती, गाऊन होता.

जॉयसबायने दुबईच्या हॉटेलात तीस वर्षं हाउसकीपिंग सांभाळलं होतं. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, नेटके बांधलेले केस, पावडर. गाऊन ही चार भिंतींच्या आत घालायची वस्तू आहे आणि जिना चार भिंतींच्या बाहेर आहे, हे तिचं पक्कं गणित. त्यामुळे खाली चहाला यायचं तरी ती ड्रेस चढवायची, कानात घालायची, सँडल शोधायची. मग तो जिना उतरून, घराला वळसा घालून, नबिलाच्या बाल्कनीखालून पुढच्या दाराशी यायची आणि बेल वाजवायची. अर्ध्या घराची मालकीण बेल वाजवून यायची, सोफ्याच्या कडेवर बसायची आणि कप रिकामा झाला की म्हणायची, "चला, निघते. तुम्हाला कामं असतील."

नोकरी होती तोवर हे खपून गेलं. एप्रिलमध्ये ती रिटायर झाली आणि वरचा मजला अचानक फार मोठा झाला. एवढा साजशृंगार रोज कोण करणार? येणं आठवड्यावर गेलं, मग "बघू, जमलं तर"वर. आणि जुलैतल्या एका रविवारी, ताटातला सुरमईचा काटा बाजूला काढत ती म्हणाली, "नाताळ झाला की मी जाते वसईला. कायमची. गिरीजला माझी खोली आहेच. इथे वर बसून काय करू, एसीचा आवाज ऐकू?"

"बघू गं बाय," जोकिम म्हणाला आणि त्याने अजून एक तुकडी घेतली. जोकिम टाइल्सच्या फॅक्टरीत क्वालिटीला होता. दिवसभर टाइलला गेलेली केसाएवढी चीर शोधणारा हा माणूस घरी आला की त्याला काही म्हणून दिसत नसे.

अ‍ॅग्नेसने भांडी घासताना दोनदा कढई आपटली. तेवीस वर्षं ह्या बाईशी ती भांडत आली होती. मटणाच्या इंद्यालमध्ये व्हिनेगर किती, चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, बेव्हर्लीचे केस कापावेत की नाही. नाताळच्या फराळाला तर दोघींचं इतकं वाजायचं, की जोकिम डिसेंबरात ओव्हरटाइम मागून घ्यायचा. आता भांडायलाच कोणी नसेल तर करंज्या कुणासाठी बिघडवायच्या? तिला जाऊ द्यायचं नव्हतं. पण "जाऊ नकोस" हे असं तोंडाने म्हणायचं म्हणजे काय, ते अ‍ॅग्नेसला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यापेक्षा जिना बांधणं सोपं.

जोकिमला तिने कारण दिलं, "माझ्या फराळाच्या ऑर्डरीचे ट्रे ठेवायला खाली जागा नाही. वर ठेवता येतील."

"हां, बरं पडेल," जोकिम म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं.

पहिला आला विघ्नेश. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कुठल्याशा इंटिरियरवाल्यांकडचा, मूळचा पुण्याचा, पायात मोजे नसलेला. त्याने डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला आणि अ‍ॅग्नेसचा हॉल पडद्यावर गोल फिरवून दाखवला. त्यात अ‍ॅग्नेसचा सोफा नव्हता, आल्तार नव्हता, एक कॅक्टस मात्र होता.

"मॅम, कन्सेप्ट असा आहे, की जिना दिसायलाच नको. नुसत्या पायऱ्या भिंतीतून बाहेर येतात. फ्लोटिंग. मधे काही नाही. साइडला क्लियर ग्लास."

"मधे काही नाही म्हणजे?"

"म्हणजे आरपार! खालून बघितलं की सगळं दिसतं."

"सगळं?"

"टोटल ट्रान्स्परन्सी, मॅम."

"अहो, गाऊन घालून उतरणार आहे कुणीतरी त्यावरून!"

विघ्नेशने तिच्या गाऊनकडे पाहिलं आणि चटकन कॅक्टसकडे बघायला लागला. "तुम्ही का, मॅम?"

"मी कशाला? आहे एक बाई."

विघ्नेश परत गेला तो कोटेशन पाठवतो म्हणून. कोटेशन आलं, सोबत कॅक्टसची किंमत वेगळी धरलेली होती. जोकिमने आकडा वाचला, दिरहमचे रुपये करायला मोठ्याने तेवीसने गुणला आणि पाणी प्यायला उठला.

दुसरा मुझम्मिल. त्याचं इंडस्ट्रियल भागात स्वतःचं वर्कशॉप होतं, पिकअपमध्ये कठड्याचे नमुने आणि फोनमध्ये त्याने बांधलेल्या जिन्यांचे इतके फोटो, की पोरीच्या लग्नाचा अल्बम असावा. दोन्ही बाजूंनी येणारे जिने, सोनेरी वेली, खाली दोन सिंह.

"ये देखो भाभी. दोनों तरफ से उतरता है, बीच में झूमर."

"भाईसाब, हमारा हॉल इतना ही है. झूमर लगाया तो हम बैठेंगे कहाँ?"

"बैठना क्यों है, भाभी? लोग खड़े होकर सीढ़ी देखेंगे."

अ‍ॅग्नेसने त्याला सांगितलं, सिंह नकोत. बंद पायऱ्या, भिंतीला लागून, बाजूने लाकडी फळी, खालून वरचं काही दिसता कामा नये. मुझम्मिलने एकेक सिंह मनातून खाली उतरवला. त्याचा चेहराच सांगत होता. पण भिंतीवरून हात फिरवून तो म्हणाला, "पुरानी सीढ़ी यहीं थी. यहीं बना देंगे. परमिशन की फ़ाइल मैं डालता हूँ. चलो, ऊपर दिखा दो."

"ऊपर बाद में."

"भाभी, सीढ़ी का एक सिरा ऊपर भी होता है."

"इन्शाल्ला," अ‍ॅग्नेस म्हणाली.

मुझम्मिलने फोन खिशात टाकला. हा शब्द आजवर तो गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. गिऱ्हाइकाने त्याला ऐकवायची ही पहिलीच वेळ.

परमिशनला वेळ लागणार होता. तोवर कल्पना यावी म्हणून बेव्हर्लीने मास्किंग टेपने हॉलच्या फरशीवर जिना आखला. "जस्ट टु व्हिज्युअलाइज, मम्मा." आणि झालं असं, की टेपचा जिना घरात खरोखरच राहायला आला. सोफा सरकला. आल्तार टीव्हीच्या कपाटावर गेला; पवित्र हृदय शेजारीच असल्यामुळे जोकिमला क्रिकेट बघताना पंचाला शिव्या देता येईनात. लादी पुसताना अ‍ॅग्नेस टेपच्या कडेकडेने पुसायची. एकदा जोकिम चार्जर घ्यायला सरळ मधून गेला.

"जोकिम! भिंतीतून कसा चाललास?"

"सॉरी," जोकिम म्हणाला आणि मागे येऊन वळसा घालून गेला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मिस्सा झाल्यावर बेल वाजली. दारात जॉयसबाय, निळा ड्रेस, मोत्याची कुडी. अ‍ॅग्नेसला टेप काढायला वेळच नव्हता.

जॉयसबाय आत आली, थांबली, खाली बघितलं. "हे काय? खून झालाय का कुणाचा?"

"जिना आहे तो," बेव्हर्ली म्हणाली आणि आईचा चेहरा बघून फोनमध्ये शिरली.

जॉयसबायने छताकडे पाहिलं. मग टेपकडे. मग पुन्हा छताकडे. तीस वर्षं चादरीवरची सुरकुती हुडकणारे डोळे ते.

"आणि हा निघणार कुठे?"

"वर," अ‍ॅग्नेस म्हणाली.

"वर कुठे?"

"वर म्हणजे... वरच की."

"वर मी राहते, अ‍ॅग्नेस."

जोकिमने रिमोट उचलून पुन्हा खाली ठेवला. टीव्हीच्या कपाटावरून वेलंकणी माउलीसुद्धा दुसरीकडे बघत असल्यासारखी वाटली.

"ट्रे ठेवायला गं," अ‍ॅग्नेस घाईने म्हणाली. "डिसेंबरात ऑर्डरी वाढतात. वर तुझ्याकडे जागा..."

"माझ्याकडे जागा." जॉयसबायने ते शब्द घडी घालून ठेवल्यासारखे उच्चारले. "जोकिम, तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुमचं दोघींचं ठरलंय," जोकिम म्हणाला.

"छान. मी जाणार म्हटलं आणि तुम्ही आधीच भोक पाडायला घेतलंत. निदान बॅग तरी भरू द्यायची होती." ती सोफ्याकडे गेलीच नाही. "चला, निघते. तुम्हाला कामं असतील."

दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर तिकिटाचा फोटो आला. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की दुसऱ्या दिवशीचं. खाली एक हात जोडलेली खूण. गिरीजहून तिसऱ्याच कुणी नातेवाइकाने त्यावर नाचणारी बाहुली टाकली.

पुढचे बरेच दिवस वरून नुसता पावलांचा आवाज येत राहिला. अ‍ॅग्नेस ओट्याशी उभी राहून ऐकायची. आता किचनमध्ये गेली. आता खिडकीशी. संध्याकाळी रोझरीच्या वेळी, नेहमीसारखाच, आल्ताराच्या जुन्या जागेवर छतातून पाण्याचा आवाज व्हायचा. भांडी घासतेय बिचारी, एका बशीची.

"मम्मा, जस्ट टेल हर," बेव्हर्ली म्हणाली.

"काय टेल हर?"

"दॅट यू लाइक हर."

"गप बस. असं कोणी बोलतं का घरात!"

ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी अ‍ॅग्नेस सुक्या बोंबलाची चटणी करत होती आणि सवयीने तिने दोन वाट्या भरल्या. दुसरी वाटी हातात घेऊन ती उभी राहिली. मग आत गेली, कपाट उघडलं, वर जाताना घालायचा ड्रेस काढला, एक हात त्यात घातला. आणि थांबली. ड्रेस परत हँगरला लावला. जांभळ्या फुलांचा, खांद्यावर तेलाचा डाग पडलेला गाऊन अंगावर तसाच ठेवून, वाटी घेऊन ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि लोखंडी जिना चढायला लागली. भर उजेडात.

अर्ध्यावर पोचली तोच बाल्कनीतून नबिला ओरडली, "अ‍ॅग्नेस! हबीबती! एव्हरीथिंग ओके?"

"ओके, ओके!"

"व्हॉट अ ब्यूटिफुल कफ्तान!"

अ‍ॅग्नेसने वर बघितलं तर जॉयसबायचं दार उघडलेलं. आणि दारात जॉयसबाय. पिवळा गाऊन, केसांत गुलाबी रोलर. तेवीस वर्षांत अ‍ॅग्नेसने तिला असं एकदाही पाहिलं नव्हतं. ती जरा लहान दिसत होती आणि बरीचशी जोकिमसारखी.

"आत ये आधी!" जॉयसबाय दबक्या आवाजात ओरडली. "लाज आहे का? लोक बघतायत!"

"ती कफ्तान म्हणाली."

"ऐकलं मी." दार लावल्यावर जॉयसबायने एकदा स्वतःच्या गाऊनकडे पाहिलं. "त्यांना काय कळतंय." पण ते तिने नेहमीच्या खात्रीने म्हटलं नाही.

वाटी टेबलावर ठेवली गेली. दोघी उभ्याच राहिल्या.

"भोक कुठे पडणार होतं ते तरी दाखव," शेवटी जॉयसबाय म्हणाली. "माझं काचेचं कपाट जाणार असेल ना, तर आत्ताच सांगते..."

अ‍ॅग्नेसने इकडे तिकडे पाहिलं आणि तिला कळेना. बाहेरून वळसा घालून, उलट्या बाजूने वर यायचं, त्यामुळे दिशाच फिरलेल्या. इतकी वर्षं ती या घराखाली राहत होती आणि कुठल्या खोलीवर कुठली खोली हे तिला ठाऊक नव्हतं. तिने जोकिमला फोन लावला. "झाडू घे. आल्तार होता ना, तिथे छताला ठोक."

"का?"

"ठोक म्हटलं ना!"

खालून टक् टक् असा आवाज आला. दोघी कान देऊन निघाल्या. किचनमध्ये नाही. हॉलमध्ये नाही. काचेच्या कपाटाशी तर मुळीच नाही. जॉयसबायने खलबत्त्यातला बत्ता घेऊन जमिनीवर उलट ठोकून पाहिलं. खालून जोकिमने उत्तर दिलं. ठोकत ठोकत दोघी बाथरूमच्या दारात येऊन पोचल्या. टक् टक् आवाज थेट कमोडखालून येत होता. जुन्या जिन्याची जागा बुजवून मालकाने तिथे बाथरूम काढलं होतं.

दोघी कमोडकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तुझा जिना," जॉयसबाय सावकाश म्हणाली, "इथे निघणार होता."

"आणि आल्तार..." अ‍ॅग्नेसचा हात तोंडावर गेला. "अगं जॉयसबाय, रोज रोझरीच्या वेळी पाण्याचा आवाज यायचा. मला वाटायचं तू भांडी घासतेस."

जॉयसबाय आधी लाल झाली. मग तिच्या नाकातून एक आवाज आला, जो हॉटेलात तीस वर्षं तिने नक्कीच काढला नसणार. मग तिला टबाच्या कडेवर बसावंच लागलं. अ‍ॅग्नेस दाराला टेकली. रोलर सुटून कमोडखाली गेला तरी दोघींचं हसणं थांबेना, आणि खालून जोकिम इमानेइतबारे ठोकतच होता.

"माफ कर रे देवा," जॉयसबाय डोळे पुसत म्हणाली. "मलाच सांगायचं होतंत, मी वेळ बदलली असती. पण खरं सांग. जिना कशाला हवाय? ट्रेचं सांगू नकोस. तुझे ट्रे गॅरेजमध्ये मावतात."

अ‍ॅग्नेसने टॉवेल उगाच सरळ केला. जॉयसबायने तो पुन्हा तिच्या पद्धतीने सरळ केला.

"तू गाऊनमध्ये खाली यावंस म्हणून," अ‍ॅग्नेस म्हणाली.

खालून झाडू चालूच होता.

"त्याला थांबायला सांग," जॉयसबाय म्हणाली. "प्लास्टर पडेल." आणि बाहेर येऊन तिने हॉलच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "काचेचं कपाट हलवायला चार माणसं लागतील. भोक तिथे पाडा. आणि त्या मुझम्मिलला म्हणावं, येताना बूट बाहेर." तिकिटाबद्दल मात्र ती काही बोलली नाही, आणि विचारायची अ‍ॅग्नेसला हिंमत झाली नाही.

तो कोपरा खालच्या किचनच्या बोळावर येत होता. मुझम्मिलने नवा नकाशा काढला. जॉयसबायने त्यात दोन चुका दाखवल्या, पैकी एक खरी होती. जिना मध्ये वळणार, तर वळणावर छोटासा सिंह, असं त्याने एकदा सुचवून पाहिलं. दोघींनी एकाच वेळी "नाही" म्हटलं. आल्तार परत आपल्या जागी गेला, आणि रोझरीच्या वेळात वरचं पाणी बंद झालं.

परमिशन आली डिसेंबर लागता लागता. मुझम्मिलच्या माणसांनी धुरळा उडवून, पडदे, फराळ, जोकिम सगळं पांढरं करून भोक पाडलं. आणि मग जिना यायचा राहिला. आधी लाकूड ओलं होतं. मग सुतार भावाच्या लग्नाला गुजराँवालाला गेला. "परसों, भाभी, पक्का," मुझम्मिल रोज सांगायचा. भोकावर एक प्लायवुडची फळी तेवढी तो टाकून गेला.

नाताळला थोडे दिवस उरले होते. अ‍ॅग्नेस एकीकडे बदामाचं मार्झिपान मळत होती, एकीकडे मटणाकडे लक्ष होतं असं तिला वाटत होतं. डोक्यावर खरखर झाली. फळी सरकली. आणि छतातून जॉयसबायचं तोंड उलटं खाली आलं. रोलरसकट, पिवळ्या गाऊनच्या बाह्यांसकट. ती जमिनीवर पालथी पडली होती.

"अ‍ॅग्नेस! खाली लागतंय तुझं काहीतरी."

"अगं बाई!" अ‍ॅग्नेसने धावत जाऊन गॅस बंद केला.

"मला वरून वास आला आणि तुला शेजारी उभी राहून येत नाही. व्हिनेगर घातलंस?"

"घातलं."

"कमी घातलंस. कळतंय."

अ‍ॅग्नेस पातेलं ढवळत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "तुझी बॅग भरायची असेल ना. सात तारखेचं आहे तिकीट."

वरून फळी आणखी थोडी सरकली.

"भोक पाडून ठेवलंत माझ्या जमिनीला," जॉयसबाय म्हणाली. "ते असं उघडं टाकून जाऊ? कोणी पडलंबिडलं तर?"

"परवा जिना बसवतो म्हणाला मुझम्मिल."

"परवा म्हणाला?" उलट्या तोंडाने जॉयसबायने क्षणभर विचार केला. "मग मी इथेच म्हातारी होते की काय, बघ."

अ‍ॅग्नेस चमच्याने पातेल्याचा तळ खरवडायला लागली. तेवढ्यात वरून काहीतरी सळसळत खाली आलं. कपडे वाळत घालायची दोरी, आणि तिच्या टोकाला स्टीलचा डबा.

"थोडं पाठव. लागलेलं नको, वरचं वरचं."

अ‍ॅग्नेसने डबा भरला. झाकण लावण्याआधी तिने त्यात एक लागलेला तुकडाही मुद्दाम टाकला, आणि दोरीला हिसका दिला.